पंचवीस-पंधराचे राज्य आणि रिकामे सभागृह

शासकीय विश्रामगृहाच्या भिंतींना रंग लागू लागला, आवारातल्या झाडांच्या बुंध्यांवर चुन्याचे आणि गेरूचे पट्टे चढले, पंचायत समितीच्या कार्यालयात रविवारीही दिवे दिसू लागले, की पांढरकवड्यात कुणाला काही सांगावे लागत नाही. समिती येणार. कोणती, हा तपशील दुय्यम असतो. कधी पंचायती राज समिती, कधी अनुसूचित जमाती कल्याण समिती, कधी अंदाज समिती, कधी रोजगार हमी योजना समिती. राज्याच्या तिजोरीतून खाली गेलेल्या पैशाचे पुढे काय झाले हे पाहण्यासाठी विधिमंडळाने स्वतःला दिलेले हे डोळे आहेत. डोळे गावात येतात तेव्हा गावाला मात्र फक्त वाहनांचा ताफा दिसतो. त्या दिवशी शाळेतील मुलांच्या ताटात गोडाचा पदार्थ पडतो, आरोग्य केंद्रातील औषधांचे कपाट भरलेले असते, एरवी न भेटणारे कर्मचारी जागेवर भेटतात. दुसऱ्या दिवशी तालुका पूर्ववत होतो. समितीने काय विचारले आणि अधिकाऱ्यांनी काय उत्तर दिले हे गावाला कळत नाही, कारण साक्ष बंद दाराआड होते. अशा दौऱ्यांपूर्वी कर्मचाऱ्यांकडून वर्गणी गोळा केली जाते, अशा बातम्या राज्यातल्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून वेळोवेळी छापून आल्या आहेत. आता त्यांचे कुणाला आश्चर्यही वाटत नाही.

आम्हांला वाटते. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. विकेंद्रीकरणाच्या नावाने पैसा खाली आला, पण त्याचा हिशेब विचारण्याची जागा खाली आली नाही. ती वर राहिली आणि वरच्यांनी ती वापरणे सोडून दिले. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने गेल्या काही दशकांत पंचायतींचे काम आपल्याकडे ओढून घेतले, आणि जे काम त्याच्यावाचून दुसरे कुणीच करू शकत नाही, ते जाब विचारण्याचे काम, तसेच पडू दिले.

आधी आमच्या गावाचा पत्ता सांगितला पाहिजे, कारण या गोष्टीत पत्त्याला महत्त्व आहे. आम्ही राहतो पांढरकवड्यात, पण तालुक्याचे नाव केळापूर. जिल्हा परिषद यवतमाळला. विधानसभेचा मतदारसंघ आर्णी आणि लोकसभेचा चंद्रपूर. आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय तेवढे गावातच. विधिमंडळ वर्षातून एकदा नागपूरला येते, १९५३ च्या नागपूर करारात तसे ठरले होते म्हणून. एरवी ते मुंबईत असते. गावाच्या कडेने नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो, त्यावरून रात्रंदिवस सारा देश ये-जा करीत असतो. आमच्यासाठी खर्च झालेल्या एका रुपयाचा माग काढावयाचा म्हटले तर मात्र यांपैकी निदान चार गावांना खेटे घालावे लागतात, आणि प्रत्येक गावी उत्तर मिळते की तो विषय आमच्या अखत्यारीतला नाही.

संसदीय पद्धतीत हिशेब विचारण्याची रीत जुनी व सरळ आहे. सभागृहाने पैसा मंजूर करावा, सरकारने खर्चावा, स्वतंत्र लेखापरीक्षकाने तपासावा आणि त्याचा अहवाल पुन्हा सभागृहापुढे यावा. ब्रिटनमध्ये ग्लॅडस्टनच्या काळात, १८६१ साली, यासाठी लोकलेखा समिती स्थापन झाली. आपल्याकडे केंद्रात ती १९२१ पासून आहे आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. त्या प्रघातामागील तर्क शेंबड्या पोरालाही कळेल असा आहे: ज्याने खर्च केला त्याने तपासू नये. पुढे आम्ही जे म्हणणार आहोत ते सारे या एका तर्कावर उभे आहे.

आता जिल्ह्याकडे येऊ. महाराष्ट्राच्या पंचायत राज्याचा आराखडा आखणारा माणूस आमच्याच जिल्ह्यातला होता, याचा यवतमाळकरांना अभिमान आहे आणि तो असावाही. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक तेव्हा महसूलमंत्री होते; त्यांच्या अध्यक्षतेखाली १९६० साली नेमलेल्या समितीने जिल्हा हाच विकेंद्रीकरणाचा मुख्य घटक मानावा अशी शिफारस केली. त्यावरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. या शिफारशींपैकी एक आज कुणी आठवत नाही: आमदार व खासदार जिल्हा परिषदेचे सदस्य असू नयेत. तिचे महत्त्व आम्हांला फार उशिरा कळले. जिल्ह्यातल्या खर्चाचा निर्णय जिल्ह्याच्या सभागृहाने घ्यावा, तो खर्च योग्य झाला की नाही हे राज्याच्या सभागृहाने दुरून पाहावे. दोघांचे हात एकाच ताटात असू नयेत. खर्च करणारा निराळा, विचारणारा निराळा. नाईक समितीने आमदारांना दाराबाहेर ठेवले ते अपमानासाठी ठेवलेले नव्हते.

आमदार पुढे त्या दाराने आलेच नाहीत. ते लेखाशीर्षातून आले.

ग्रामीण महाराष्ट्रात ‘पंचवीस-पंधरा’ हा शब्द न ऐकलेला सरपंच सापडणार नाही. २५१५ हा अर्थसंकल्पातील ग्रामविकासाच्या एका लेखाशीर्षाचा क्रमांक. त्याखाली लोकप्रतिनिधींनी सुचविलेली गावांतर्गत मूलभूत सुविधांची कामे मंजूर होतात. सिमेंटचा रस्ता, नाली, सभामंडप, स्मशानभूमीचे शेड. ही सारी कामे घटनेच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत मोडणारी, म्हणजे नेमकी पंचायतीची. याशिवाय आमदाराचा स्वतःचा स्थानिक विकास निधी आहे. २०२२ पासून तो वर्षाला ५ कोटी रुपये झाला. गावात रस्ता होतो आणि त्याच्या तोंडाशी फलक लागतो: अमुक आमदारसाहेबांच्या प्रयत्नातून, अमुक लक्ष रुपये. रस्ता तिसऱ्या पावसाळ्यात उखडतो; फलक टिकतो, कारण तो लोखंडी असतो.

या फलकाचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. वरवर पाहता त्यात वाईट काय? लोकांना रस्ता हवा होता, आमदाराने आणला. पण फलक काय सांगतो ते पाहा. हा पैसा तुमच्या हक्काचा नसून कुणाच्या तरी प्रयत्नाचे फळ आहे, असे तो सांगतो. प्रयत्नातून आलेल्या वस्तूचा हिशेब मागावयाचा नसतो, तिच्याबद्दल आभार मानावयाचे असतात. आणि गावोगाव भूमिपूजनाला आभार मानले जातात, हारतुरे होतात. दुसरी बाजू याहून गंभीर आहे. ज्या आमदाराच्या यादीतून रस्ता झाला, तोच आमदार उद्या पंचायती राज समितीवर किंवा लोकलेखा समितीवर असणार. त्या रस्त्याच्या मापपुस्तिकेतील खोट तो विचारील काय? निविदेची मर्यादा चुकविण्यासाठी एका कामाचे चार तुकडे का पाडले, असे तो विचारील काय? ते चार तुकडे कुणाच्या चार कार्यकर्त्यांना मिळाले हे त्याला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असते. स्वतःच्या मतदारसंघातला रस्ता तो विचारणार नाही हे उघडच आहे. पण दुसऱ्याच्याही तो विचारणार नाही, कारण दुसऱ्याच्या हातात त्याचा रस्ता आहे. सत्तारूढ आणि विरोधी हा भेद येथे गळून पडतो. १९६७ च्या प्रघाताला आधार होता तो या भेदाचाच.

खासदार निधीच्या बाबतीत हा आक्षेप नवा नाही. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ साली असे निधी बंद करावेत म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली खासदार निधी घटनाबाह्य नाही असा निकाल दिला. घटनाबाह्य नसेलही. घटनेत बसणाऱ्या सर्वच गोष्टी शहाणपणाच्या असतात असे थोडेच आहे.

येथे आमचे काही मित्र अडवतात. त्यांचे म्हणणे असे की ग्रामपंचायतीच्या हाती सारा पैसा दिला असता तर सरपंच आणि ग्रामसेवकाने मिळून तो कधीच संपवला असता. आमदार निदान काम तरी करून घेतो. या युक्तिवादाची आम्ही टवाळी करणार नाही, कारण गावात राहून गावाविषयी भाबडे राहता येत नाही. ग्रामपंचायतीत पैसा खाल्ला जातो. पण तो खाल्ला गेला तर ग्रामसभेत उभे राहून विचारण्याची सोय आहे. विचारणाऱ्याला त्रास होतो, कधी मारही बसतो, पण सरपंच आपल्याच गल्लीत राहतो आणि विहिरीवर, लग्नात, मयतीत भेटतो. केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्याने तर ग्रामसभेला सामाजिक लेखापरीक्षणाचा हक्क स्पष्ट शब्दांत दिला होता. पंचवीस-पंधराच्या कामाबद्दल ग्रामसभेत विचारले, तर सरपंच प्रामाणिकपणे सांगतो की काम वरून आले, कंत्राटदार वरून आला, बिलही वरच निघाले. चोरी दोन्हीकडे होत असेल. पहिलीकडे निदान कुणाचे दार ठोठवावे हे माहीत असते.

घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने हे सारे निस्तरायला हवे होते. ती १९९२ साली संमत होऊन २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. दर पाच वर्षांनी निवडणूक, राखीव जागा, राज्य वित्त आयोग, अशा बऱ्याच गोष्टी तिने सक्तीच्या केल्या. हिशेब आणि लेखापरीक्षा यांसाठी मात्र २४३-ञ या अनुच्छेदात राज्य विधिमंडळ कायद्याने तरतूद ‘करू शकेल’ एवढेच आहे. करू शकेल, म्हणजे न केली तरी चालेल. महाराष्ट्राजवळ त्याआधीपासूनचा, १९३० चा, स्थानिक निधी लेखापरीक्षेचा कायदा होता. त्याच वाटेने आजही काम चालते. स्थानिक निधीचे लेखापरीक्षक आक्षेप काढतात, अमुक रक्कम आक्षेपाधीन, अमुक वसूलपात्र; जिल्हा परिषदांच्या आक्षेपांचा मिळून पुनर्विलोकन अहवाल होतो; तो विधिमंडळासमोर ठेवला जातो; मग पंचायती राज समिती प्रश्नावली काढते आणि दौऱ्यावर निघते. या प्रवासाला वर्षे लागतात. समितीसमोर साक्षीला उभा असणारा मुख्य कार्यकारी अधिकारी त्या काळात या जिल्ह्यात नव्हताच. ज्याने खरेदी केली तो बदलून गेला, ज्याने मोजमाप घेतले तो निवृत्त झाला, ज्याने पुरवठा केला त्याची कंपनी दुसऱ्या नावाने दुसऱ्या जिल्ह्यात पुरवठा करीत आहे. अनुपालन सादर होते. परिच्छेद वगळला जातो. रंग लावलेले विश्रामगृह पुन्हा कळकट होऊ लागते.

येथे कुणी म्हणेल, मग जिल्ह्याचे सभागृह कुठे गेले? सर्वसाधारण सभा, स्थायी समिती, वित्त समिती हे सारे कशासाठी आहे? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर असे की मार्च २०२२ मध्ये यवतमाळसह राज्यातील पंचवीस जिल्हा परिषदांची मुदत संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे निवडून आलेला एकही सदस्य नव्हता. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद, प्रभागरचना, न्यायालयातील तारखा. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घ्या असे सांगितले. त्या मुदतीत त्या झाल्या नाहीत, मुदत वाढवून घ्यावी लागली आणि नंतर टप्प्याटप्प्याने निवडणुका सुरू झाल्या. मधल्या काळात मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक होता. म्हणजे प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच, अंमल करणारा तोच, आणि समिती आली तर साक्ष देणाराही तोच. सर्वसाधारण सभेचा ठराव म्हणून त्याने स्वतःशीच केलेले संभाषण नोंदवले जात होते.

नियोजन समितीची कथा याहून मौजेची आहे. घटनेच्या २४३-यघ या अनुच्छेदाप्रमाणे जिल्हा नियोजन समितीचे निदान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून निवडलेले हवेत. सदस्यच नाहीत म्हटल्यावर ते चार-पंचमांश आणणार कोठून? उरले पालकमंत्री, आमदार, खासदार, नामनिर्देशित मंडळी आणि अधिकारी. जिल्ह्याची वार्षिक योजना या उरलेल्या एक-पंचमांशाने ठरवली. नाईक समितीने ज्यांना जिल्ह्याच्या सभागृहाबाहेर ठेवले होते ते आत बसले होते, आणि ज्यांच्यासाठी ते सभागृह बांधले ते बाहेर. या काळात विधिमंडळ भरत होते, पुरवणी मागण्या मंजूर होत होत्या. डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात सुमारे ५५ हजार ५२० कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या, आणि ते अधिवेशन जेमतेम दोन आठवडे चालले. राज्यातील बहुतेक जिल्ह्यांची सभागृहे रिकामी आहेत म्हणून ते कामकाज कुणी रोखून धरले नाही. आम्हांला तर दाट संशय आहे की काहींना त्यात सोयच वाटली. ही भांडखोर, कुरबुरणारी, फाइल मागणारी मधली माणसे नसली की यादी थेट जाते.

आदिवासी उपयोजनेचा पैसा हा आमच्या तालुक्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा विषय, तेव्हा त्यावर थोडे थांबू. सुखठणकर समितीच्या शिफारशीवरून १९९३-९४ पासून महाराष्ट्राने आदिवासींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात योजनेतील वाटा वेगळा काढून तो आदिवासी विकास विभागाच्या हवाली करण्यास सुरुवात केली. कल्पना उत्तम होती, इतर राज्यांनीही ती वाखाणली. पैशाला स्वतंत्र घर मिळाले. त्या घराला खिडकी ठेवण्याचे राहून गेले. आमच्या भागातील कोलाम पोडावरच्या माणसाला आपल्या नावाने किती रक्कम पांढरकवड्याच्या प्रकल्प कार्यालयापर्यंत पोचली हे कधीही सांगितले गेले नाही. त्याला सांगितले जाते ते वाटप कधी आहे हे. २००४ ते २००९ या काळातील योजनांत, डिझेल इंजिने, गॅस संच, दुभती जनावरे यांसारख्या वस्तूंच्या वाटपात, काय झाले हे शोधण्यासाठी अखेर जनहित याचिका करावी लागली. उच्च न्यायालयाच्या आदेशाने न्या. एम. जी. गायकवाड यांची समिती नेमली गेली, तिचा अहवाल २०१७ साली आला. २००४ सालच्या खर्चाचा अहवाल २०१७ साली! या तेरा वर्षांत विधिमंडळाची अनुसूचित जमाती कल्याण समिती अस्तित्वात होती, लोकलेखा समिती होती, पंचायती राज समिती होती. सभागृहाचे काम न्यायालयाने केले, आणि आपण त्याला न्यायव्यवस्थेचा विजय म्हणून टाळ्या वाजविल्या. तो सभागृहाचा पराभव आहे हे कुणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

एक गोष्ट मात्र चांगली झाली आणि ती नोंदवली पाहिजे. पेसा कायदा १९९६ चा, पण महाराष्ट्रात त्याचे नियम २०१४ साली झाले. त्याच वर्षी राज्यपालांनी अधिसूचना काढली आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के रक्कम अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट मिळू लागली. तिला अबंध निधी म्हणतात. आमच्या जिल्ह्यात मारेगाव, राळेगाव, केळापूर आणि घाटंजी तालुक्यांचे काही भाग १९८५ च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आले, त्यामुळे या तालुक्यांतील अनेक गावांना तो मिळाला. ग्रामसभेने ठरवावे, ग्रामसभेनेच हिशेब घ्यावा. यातही वरून पुरवठादार धाडण्याचे प्रकार होतात. गावाने मागितले पाणी आणि आले सौरदिवे, असे आम्ही एकाहून अधिक गावांत ऐकले आहे. पण तेथे आम्ही हेही पाहिले की शाळा न शिकलेली बाई ग्रामसभेत उठून, दिव्याची किंमत बाजारात किती आणि बिलात किती, असे विचारते. शंभरातले पाच रुपये तिच्या नजरेखाली आले तर ती इतके विचारते. उरलेल्या पंचाण्णवांविषयी तिच्या वतीने विचारण्यासाठी निवडून दिलेला माणूस मुंबईत बसतो.

यावर विदर्भात एक ठरीव उत्तर मिळते: वेगळे राज्य करा, सारे प्रश्न सुटतील. मुंबई दूर आहे म्हणून जाब विचारला जात नाही, असा त्याचा अर्थ. अनुशेषाच्या अन्यायाबद्दल आमचे दुमत नाही. दांडेकर समितीने १९८४ साली तो मोजून दाखविला आणि त्यानंतरच्या समित्यांनी पुन्हा मोजला. पण अंतराचा युक्तिवाद आम्हांला पटत नाही, आणि त्याचे कारण नागपुरातच आहे. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ १९९७ पासून नागपुरात आहे. आमच्या भागातील निम्न पैनगंगा प्रकल्प त्याच्याकडे. १९९७ साली त्याची किंमत सुमारे १,४०२ कोटी होती, २००९ साली ती १०,४२९ कोटींवर गेली. त्याच वर्षी महामंडळाच्या ३८ प्रकल्पांच्या किमती काही महिन्यांत मिळून सुमारे २० हजार कोटींनी वाढल्या. या वाढीला कुठल्या सभागृहात अगोदर मतदान झाले? मंजुरी कागदावर, नागपूर-मुंबईच्या कार्यालयांत झाली. लोकांना कळले ते वृत्तपत्रांतून, नंतर याचिकांतून, नंतर २०१२ च्या श्वेतपत्रिकेतून आणि २०१४ च्या चितळे समितीतून. पैसा जवळ होता, कार्यालय जवळ होते, अधिवेशन दर हिवाळ्यात त्याच शहरात भरत होते. विचारण्याची इच्छा तेवढी नव्हती. ती इच्छा राज्याची सीमा बदलून निर्माण होत नाही.

तसेच विकास मंडळाचे. घटनेच्या ३७१(२) अनुच्छेदाखाली १९९४ साली विदर्भासाठी मंडळ स्थापन झाले. त्याच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवलाच पाहिजे अशी तरतूद घटनेतच आहे. प्रदेशाच्या वाट्याचा पैसा आणि राज्याचे सभागृह यांना जोडणारा तो एकच सरळ धागा होता. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळाची मुदत संपली. २०२२ साली पुनरुज्जीवनाचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने केला, आणि तो दिल्लीच्या वाटेवर अडकला. मंडळाच्या काळातील वार्षिक अहवालांवर विदर्भातील किती आमदारांनी भाषणे केली, हे विधानसभेच्या कामकाजाचे खंड उघडून कुणी मोजावे. आम्हांला उत्तराची भीती वाटते.

बाहेर काय चालते? स्कॉटलंडला १९९९ साली स्वतःची संसद मिळाली. पैशाचा मोठा वाटा लंडनकडून ठोक येतो, पण तो कसा खर्च झाला हे एडिंबरातील सभागृह विचारते. त्यासाठी स्वतंत्र महालेखापरीक्षक आहे आणि सभागृहाची लेखापरीक्षा समिती अधिकाऱ्यांना बोलावून उघड बैठकीत, कॅमेऱ्यासमोर, विचारते. घरबसल्या पाहता येते. आपल्याकडे संसदेपासून विधिमंडळापर्यंत समित्यांच्या बैठका खाजगीत होतात. कारण सांगतात की अधिकारी मोकळेपणाने बोलतात. ते मोकळेपणाने कोणाशी आणि काय बोलतात, हा प्रश्न मे २०२५ मध्ये धुळ्याने सर्वांपुढे टाकला. अंदाज समितीचा दौरा त्या जिल्ह्यात असताना शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत सुमारे १ कोटी ८४ लाख रुपये रोख सापडले. माजी आमदार अनिल गोटे त्या खोलीबाहेर ठिय्या देऊन बसले होते. चौकशीसाठी विशेष पथक जाहीर झाले. ती रक्कम कोणाची आणि कशासाठी हे ठरविणे आमचे काम नाही. पण त्या समितीची साक्ष गावच्या सभागृहात, लोकांसमोर झाली असती, तर विश्रामगृहातील खोलीला एवढे महत्त्व आले असते काय?

स्कॉटलंड दूर वाटत असेल तर केरळ घ्यावे. १९९६ च्या लोकयोजनेपासून तेथील राज्याच्या अर्थसंकल्पाला एक स्वतंत्र परिशिष्ट असते, परिशिष्ट चार. त्यात प्रत्येक पंचायतीच्या नावापुढे तिच्या वाट्याची रक्कम छापलेली असते आणि अर्थसंकल्पाबरोबर ती सभागृहापुढे येते. कुणाच्या प्रयत्नाचा प्रश्नच उरत नाही. आपल्या अर्थसंकल्पाच्या हिरव्या-पांढऱ्या पुस्तकांच्या ढिगात केळापूर तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायतीचे नाव शोधून दाखवावे, आम्ही लेखणी खाली ठेवू.

असो. पुढच्या वेळी पांढरकवड्याच्या विश्रामगृहाला रंग लागू लागला की आम्ही काही जण एक अर्ज देणार आहोत. मसुदा तयार आहे. समितीने साक्ष पंचायत समितीच्या सभागृहात, दार उघडे ठेवून घ्यावी आणि मागच्या बाकांवर आम्हांला बसू द्यावे, बोलणार नाही. ज्या लेखापरीक्षा परिच्छेदांवर साक्ष आहे, त्यांतील केळापूर तालुक्याचे परिच्छेद मराठीत आठ दिवस आधी फलकावर लावावेत. आणि समितीच्या प्रत्येक सदस्याने या जिल्ह्यात पंचवीस-पंधरातून किंवा आपल्या निधीतून सुचविलेल्या कामांची यादी सुरुवातीलाच वाचून दाखवावी. अर्ज विधानभवनाच्या पत्त्यावर टपालाने जाईल, एक प्रत यवतमाळला आणि एक गटविकास अधिकाऱ्यांच्या आवक लिपिकाकडे. आवक लिपिक पोच देण्यास नाखूश असतो, तेव्हा शिक्का उमटेपर्यंत दोघांनी तेथेच बसावयाचे असे ठरले आहे.